कंपनीतल्या लोकांसाठी दातांचा इन्शुरन्स घेतला, वर्षभर वापरून काय कळलं ते

आधीच सांगतो, मी कुठल्या विमा कंपनीचा एजंट नाही आणि दातांचा डॉक्टर तर नाहीच नाही. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, सीएनसी, व्हीएमसी वगैरे, ऑफिस धरून 52 माणसं. तिथं मी अकाउंट्स बघतो आणि अकाउंट्सवाल्याच्याच गळ्यात शेवटी एचआर पडतं तसं माझ्याही पडलंय. मागच्या वर्षी मालकांची स्वतःची दाढ दुखायला लागली, रूट कॅनल आणि कॅप मिळून बिल चांगलंच झालं, आणि दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलवून म्हणाले, अरे आपण दरवर्षी एवढा मेडिक्लेम भरतो त्यात दात का नाही बसत, बघ जरा लोकांसाठी काही होतंय का. म्हणजे दुखली त्यांची दाढ आणि कामाला लागलो मी.

तर पहिली गोष्ट, जी मलाही तेव्हा माहीत नव्हती. कंपन्यांचा जो ग्रुप मेडिक्लेम असतो त्यात साधारणपणे दात नसतातच. ॲक्सिडेंट होऊन तोंडाला मार लागला, ॲडमिट व्हावं लागलं, तर त्यातली दाताची ट्रीटमेंट धरतात. बाकी कीड, हिरड्या, रूट कॅनल हे सगळं ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता केलेली ट्रीटमेंट, म्हणून बाहेर. आमच्यातल्या एका हुशार इंजिनीअरने मुद्दा काढला की सर रूट कॅनलला इंजेक्शन देऊन बधिर करतात, म्हणजे लोकल ॲनेस्थेशिया झाला, मग डे केअरमध्ये, म्हणजे एका दिवसात घरी सोडतात त्या छोट्या ऑपरेशनांमध्ये, टाका ना. वाटलं, पॉइंट आहे! पॉलिसी काढून बघितली तर डे केअरच्या व्याख्येत शेवटी एक वाक्य आहे की जी ट्रीटमेंट नेहमी ओपीडीत होते ती यात धरणार नाही. झालं, विषय संपला. तेव्हा तुमच्या एचआरने "आपल्याला मेडिक्लेम आहे" असं सांगितलं तर दाताच्या बाबतीत त्याचा अर्थ जवळपास शून्य समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या 52 पैकी 31 जण ईएसआयमध्ये (कामगारांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) आहेत, पगार 21,000 पर्यंत असलेले, आणि ईएसआयमध्ये दातांची ट्रीटमेंट मिळते हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. समजा 20,000 पगार असेल तर दर महिन्याला 0.75 टक्के म्हणजे 150 रुपये त्याचे कापले जातात आणि 3.25 टक्के म्हणजे 650 कंपनी भरते, वर्षाचे 9,600 झाले एका माणसामागे, आणि दाढ दुखली की हा माणूस मेडिकलमधून गोळी आणून गप्प बसतो. का? मी विचारलं तर एकजण म्हणाला, साहेब तिथं जायचं तर अर्धा दिवस जातो, अर्ध्या दिवसाचा पगार आणि वर ओव्हरटाइम बुडतो, त्यापेक्षा लवंग बरी. याच्यावर कुठला प्लॅन विकत घेऊन उपाय होणार? या 31 जणांसाठी आम्ही इन्शुरन्स घेतलाच नाही, त्याऐवजी मालकांकडून एक सर्क्युलर सहीला घेतलं की दाताच्या ट्रीटमेंटसाठी ईएसआयला गेला आणि तिथला कागद आणून दाखवला तर वर्षातून चार वेळा अर्धा दिवस भरपगारी. खर्च म्हणाल तर किरकोळ, आणि खरं सांगू का, अख्ख्या वर्षात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. पण रिव्ह्यू इन्शुरन्सचा आहे तर तिकडे वळतो.

राहिले 21 जण, ईएसआयच्या मर्यादेच्या वरचे, सुपरवायझर, क्वालिटी, डिझाइन, ऑफिस. ब्रोकरने तीन प्रकार समोर ठेवले. नावं देत नाही कारण भांडण करायचं नाहीये आणि रिन्यूअल अजून व्हायचंय.

एक होता मेडिक्लेमलाच जोडून दातांचं ओपीडी कव्हर. माणशी वर्षाला 7,500 ची मर्यादा, प्रीमियम 1,600 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,888. इथं एक गंमत, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला म्हणून लोक मला येऊन विचारतात की मग आपल्याला का लावला, तर बाबांनो ती सूट स्वतःच्या आणि फॅमिलीच्या पॉलिसीला आहे, ग्रुपला नाही. आणि त्याचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करून घेणं, आमच्यासारख्यांना मिळत नाही, तेव्हा तो खर्चच धरायचा.

दुसरं होतं ॲपवालं मेंबरशिप कार्ड, माणशी 499, त्यात एक चेकअप फुकट, एक स्केलिंग (दातांची सफाई) फुकट, एक एक्सरे फुकट आणि बाकी ट्रीटमेंटवर 30 टक्क्यांपर्यंत सूट. ब्रोकर याला पण बोलताना इन्शुरन्सच म्हणत होता. कागद वाचला तर विम्याचा शब्द कुठंही नाही, हे नुसतं सवलतीचं कार्ड. वाईट असं नाही, पण सूट कशावर हा प्रश्न विचारा. मी काय केलं, त्यांच्या यादीतल्या एका क्लिनिकला साधा पेशंट म्हणून फोन लावला, रूट कॅनलचा रेट विचारला, ते म्हणाले 4,500. दोन दिवसांनी दुसऱ्या नंबरवरून कार्ड आहे असं सांगून विचारलं, तर म्हणे 6,500 मधून 30 टक्के कमी, म्हणजे 4,550 होतील. पन्नास रुपये जास्त! एवढं हसलो मी की समोर बसलेल्या स्टोअरच्या मॅडमनी विचारलं काय झालं. कार्ड कट.

तिसरं म्हणजे इन्शुरन्सच नाही, जवळच्या एका चांगल्या क्लिनिकशी रेट ठरवून घ्यायचे. यावर नंतर.

आम्ही पहिला प्रकार घेतला 21 जणांसाठी. 39,648 रुपये भरले. मी ब्रोकरला म्हणलं होतं की ज्यांना पाहिजे त्यांच्यापुरतंच घेऊ, उरलेल्यांचे पैसे वाचतील. तो म्हणाला, विमा कंपनी तयार होणार नाही सर, घ्यायचं तर सगळ्यांचं. तेव्हा राग आला, नंतर पटलं. ऐच्छिक ठेवलं की फॉर्म कोण भरणार, ज्याची दाढ आधीच ठणकतीये तोच. घर जळायला लागल्यावर फायर पॉलिसी काढल्यासारखं आहे ते. आणि दात ही अशी गोष्ट आहे की आग लागेल की नाही हा प्रश्नच नाही, कधी लागेल एवढाच, त्यामुळे मर्यादाही छोटी ठेवतात आणि प्रीमियम त्या मर्यादेच्या मानाने चांगला जड असतो. मेडिक्लेममध्ये काही हजार भरून काही लाखांचं कव्हर मिळतं, इथं 1,888 भरून 7,500 चं.

आणि ते 7,500 पण पूर्ण हातात येत नाहीत, हा खरा मुद्दा. आमच्या क्वालिटीतल्या एका मुलाची खालची उजवी पहिली दाढ, 46 नंबर (हे नंबर आता मला पाठ झालेत, दोन आकडी असतात, पहिला आकडा जबड्याचा कोपरा आणि दुसरा दात कितवा), किडून आत नसेपर्यंत गेलेली. क्लिनिकचं बिल रूट कॅनल 5,000 आणि वर सिरॅमिक कॅप 6,000, टोटल 11,000. तो बिचारा समजत होता 7,500 मिळतील, 3,500 खिशातून जातील. मिळाले 4,500. का, तर आत उपमर्यादा होती, रूट कॅनलला एका दाताला 2,500 आणि कॅपला 2,000, आणि ही ओळ बेनिफिटच्या मुख्य पानावर नव्हती, मागं जोडलेल्या तक्त्यात होती आणि तो तक्ता मी वाचला नव्हता. चूक माझी, मान्य. तो मुलगा काही बोलला नाही पण पुढचे चार दिवस कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसला नाही हे मला कळलं.

त्यामुळे आता कोणी मला प्लॅन दाखवला की मी मर्यादा किती हे विचारतच नाही. चार गोष्टींचे आकडे एका कागदावर लिहून द्या म्हणतो: दात काढणं, अक्कलदाढ काढणं (ही वेगळी, आडवी आलेली असली तर सर्जनचं काम असतं आणि रेट कुठल्या कुठं जातो), सिमेंट भरणं, आणि रूट कॅनल कॅपसकट. कॅपसकट हे ठणकावून सांगायचं. रूट कॅनल केलेली दाढ पोकळ आणि ठिसूळ होते, वर कॅप नाही बसवली तर सुपारी फोडताना एक दिवस दाढच फुटते आणि मग काढूनच टाकावी लागते, म्हणजे आधीचे पैसे पाण्यात. रूट कॅनल देणारा आणि कॅप न देणारा प्लॅन म्हणजे पाया बांधून देतो पण स्लॅब तुमचा तुम्ही टाका.

इम्प्लांट, ब्रिज, मुलांच्या दातांची तार, दात पांढरे करणं, यातलं आमच्या प्लॅनमध्ये काहीच नव्हतं, आणि मी जेवढे कोटेशन बघितले त्यातही जवळपास नव्हतंच, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

आता कॅशलेसबद्दल. पुण्यात एवढी एवढी क्लिनिकं अशी लांबलचक यादी आली होती. कोथरूड, औंध, बाणेर, विमाननगर भरभरून. आमचे लोक राहतात भोसरी, मोशी, दिघी, चाकण, आळंदीकडे. त्या पट्ट्यातली यादीत सात निघाली. सही करून महिना झाल्यावर मी त्या सातही ठिकाणी फोन केले (सही करायच्या आधी करायला पाहिजे होते, हे आता सांगून काय उपयोग). दोन नंबर बंद, एका ठिकाणी डॉक्टर म्हणाले आम्ही त्यांचं काम कधीच सोडलं कारण पैसे सहा सहा महिने येत नाहीत, एक क्लिनिक फक्त लहान मुलांचं. उरली तीन. त्यातलं एक खरंच छान होतं, बाई डॉक्टर होत्या, आमच्या लोकांशी नीट बोलायच्या, उगीच काही करायला सांगायच्या नाहीत. दुसऱ्या ठिकाणी फुकट स्केलिंगला गेलेला प्रत्येक माणूस पाच-सहा दातांना कीड आहे असा कागद घेऊन परत यायचा. प्रत्येक माणूस! मग आमच्यात नियमच झाला की तिथला कागद आधी त्या बाई डॉक्टरांच्या, म्हणजे मॅडमच्या, क्लिनिकला दाखवायचा. एकदा सहाच्या दोन झाल्या.

शिवाय कॅशलेससाठी ॲपवरून आधी अपॉइंटमेंट टाकायची, 48 तासांत मंजुरी येणार. आता मला सांगा, दाढ कधी दुखते? रात्री दोनला, आणि तीही शनिवारी. सोमवारी मंजुरी येईपर्यंत माणूस थांबतो का, तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, पैसे देतो आणि मंगळवारी माझ्यासमोर बिल ठेवतो. म्हणून रिइम्बर्समेंटची, म्हणजे आधी आपण पैसे देऊन नंतर बिल दाखवून परत घ्यायची, सोय असलेलाच प्लॅन घ्या, नुसता कॅशलेस नको. आमच्यात ती होती पण त्यातही एक क्लेम उडाला, कारण काय तर ट्रीटमेंटच्या आधीचा एक्सरे नाही. नंतरचा होता, आधीचा डॉक्टरांनी मशीनवर बघितला पण काढून दिला नव्हता, आणि कंपनीचं म्हणणं की आधी कीड होती हे कशावरून. तेव्हापासून मी एक छोटा मेसेज तयार ठेवलाय, कोणाचीही दाढ दुखली की व्हॉट्सॲपला तो जातो: आधीचा एक्सरे मागून घ्या, झाल्यावरचा मागून घ्या, बिलावर दाताचा नंबर पाहिजे, रूट कॅनल आणि कॅपची रक्कम वेगवेगळी पाहिजे, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्का पाहिजे. हा मेसेज गेला त्यानंतर एकही क्लेम परत आला नाही.

वर्षाचा हिशोब: 21 पैकी 9 जणांनी वापरला, एकूण 24,150 मिळाले. भरले 39,648. मालकांनी कागद बघितला आणि म्हणाले, म्हणजे मीच सगळ्यांचे दात साफ करून दिले असते तर स्वस्त पडलं असतं. बरोबरच आहे. मला वाटतं दातांचा हा प्रकार विमा कमी आणि आगाऊ भरलेलं बिल जास्त आहे. मग स्वतःच का देऊ नये? तेही विचारलं सीएंना. तर पूर्वी 15,000 पर्यंत मेडिकल बिलं कर न लागता देता यायची, 2018 च्या बजेटमध्ये ती सवलत गेली आणि त्याच्या जागी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट, आलं. आता कंपनीने असंच बिल भागवलं तर ते कामगाराच्या पगारात धरलं जातं, पण ग्रुप पॉलिसीचा प्रीमियम भरला तर नाही. म्हणजे टॅक्सच्या बाजूने विमा बरा, हिशोबाच्या बाजूने नाही. ज्यांचा पगार मुळात टॅक्समध्येच येत नाही त्यांना हा फरक पडत नाही हेही सीएंनीच सांगितलं, त्यामुळे प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं येईल, आपापल्या सीएंना विचारा.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला मी हे सगळं रडगाणं ऐकवलं. वाटलं होतं तिकडे तरी राजेशाही असेल. तर त्याच्या ऑफिसच्या प्लॅनमध्ये चेकअप आणि क्लीनिंग 100 टक्के, फिलिंग 80 टक्के, कॅप 50 टक्के, आणि सगळं मिळून वर्षाला 1,500 डॉलर, त्यापुढे खिशातून. तिकडे असा 100-80-50 चा साचा अगदी कॉमन आहे म्हणे. हा भाऊ डिसेंबरमध्ये आला की पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊनच येतो, दोन कॅप करून जातो, आणि मावशी म्हणते आमचा मुलगा आम्हाला भेटायला येतो का दाताला.

आता तिसरा प्रकार, क्लिनिकशी ठरवलेला रेट. त्या बाई डॉक्टरांकडेच मी गेलो, म्हणलं मॅडम आमची 52 माणसं आणि घरचे, रेट लिहून द्या. त्यांनी एका पानावर लिहून दिला, स्केलिंग, फिलिंग, रूट कॅनल, तीन प्रकारच्या कॅप, साधी मेटलची, सिरॅमिक, झिरकोनिया, आणि वर स्वतःहून म्हणाल्या की वर्षातून एकदा कंपनीत येऊन सगळ्यांचे दात बघून देईन, पैसे नकोत, फक्त चांगला उजेड आणि खुर्ची द्या. प्रीमियम शून्य. ज्यांना तेही परवडत नाही त्यांना मॅडम पिंपरीच्या डी. वाय. पाटील डेंटल कॉलेजचं नाव सुचवायच्या, तिथं विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, खर्च बराच कमी, फक्त फेऱ्या जास्त होतात आणि एकेक सिटिंग लांब चालतं.

त्या कॅम्पबद्दल थोडं जास्त लिहितो. इन्स्पेक्शन रूममध्ये लावला होता, सरफेस प्लेटच्या बाजूला खुर्ची. आम्हाला वाटलेलं कीड बघतील. मॅडम प्रत्येकाला आधी सांगत होत्या, आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा. पोरं हसायला लागली. मग लेथवरच्या एका ऑपरेटरची पाळी आली, वय पस्तीसच्या आत, त्याची दोनच बोटं गेली, तिसरं जाईचना. मॅडम काही बोलल्या नाहीत, बॅटरी मारून गालाच्या आत बघितलं, आणि विचारलं, दादा दिवसाला किती पुड्या? गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे हे कागदावर, गेटसमोरच्या टपरीला ते माहीत नाही. सुपारीनं आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडायचं कमी होतं आणि पुढं त्यातून कॅन्सरचा धोका असतो, हे त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, चिठ्ठी दिली. तो ईएसआयमधला, तेव्हा तिकडे पाठवलं, अर्धा दिवसवालं सर्क्युलर पहिल्यांदा त्यानेच वापरलं. हे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं. प्लॅनवाल्याच्या चेकअपमध्येही "ओरल एक्झामिनेशन" लिहिलेलं असतं, पण बोटं घालायला कोणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

घरच्यांचं म्हणाल तर आमच्या फिटर काकांनी विचारलं होतं की आई मिसरी लावती, सगळ्या दाढा हलायला लागल्यात, तिची कवळी बसेल का यात. नाही बसत. आई-वडील घातले की प्रीमियम दुपटीच्या वर जातो आणि कवळी तर बहुतेक वगळलेलीच असते. काकांनी मॅडमच्या रेटने करून घेतली, दोन हप्त्यांत, आणि आईला पहिल्यांदा बोळकं झाकलेलं बघून घरातली लहान पोरं घाबरली म्हणे.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. वर्षाच्या मधे माणूस सोडून गेला आणि त्याने क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत मिळतो, घेतला असेल तर नाही, तेव्हा नावं वेळच्या वेळी कमी करा. आणि न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी जात नाही, म्हणून अकराव्या महिन्यात एक आठवण टाका, आमच्या नऊपैकी चार जण त्या आठवणीनंतरच गेले.

मार्क द्यायचे तर त्या ओपीडी कव्हरला पाचपैकी अडीच, कार्डाला एक, मॅडमच्या एका पानाला साडेचार (अर्धा यासाठी कापला की गुरुवारी क्लिनिक बंद असतं).

या वर्षी मालक म्हणतायत 21 जणांचं चालू ठेव पण भांडून घे. ब्रोकरला सांगितलंय की मर्यादा 7,500 ची 6,000 केली तरी चालेल, पण रूट कॅनल आणि कॅप मिळून एका दाताला किमान 5,000 पाहिजेत आणि आत दुसरी उपमर्यादा नको. तो म्हणतो बघतो. नवीन यादी आलीये, आमच्या पट्ट्यात नऊ क्लिनिकं दाखवतायत. सात जणांशी बोलून झालं, दोघांनी फोन उचलला नाही, त्यांना उद्या जेवणाच्या सुट्टीत परत लावतो.